३९ जीबीचं नाटक अमेरिकेला कसं पाठवायचं?

गावभागची_लेक (मंगळवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. प्रश्न साधा आहे पण दोन आठवडे डोक्याला ताप झालाय म्हणून इथे टाकतेय.

माझे बाबा सांगलीत एका हौशी नाट्यमंडळात होते. दिवसा बँकेत नोकरी आणि संध्याकाळी तालीम, असं वीसेक वर्षं चाललं. त्यांच्या प्रयोगांच्या सात व्हिडिओ कॅसेट घरात होत्या. २०१९ च्या पुरात आमच्या गावभागातल्या घरात पाणी शिरलं तेव्हा कपाटातल्या सहा गेल्या, चिखलाचे गोळे झाले होते नुसते. सातवी कुणीतरी बघायला नेऊन उशिरा परत दिलेली म्हणून माळ्यावर टाकली होती, ती वाचली. १९९१ चा प्रयोग आहे, संगीत नाटक, तीन अंक, बरोबर तीन तास. ती आता एका स्टुडिओतून कॉम्प्युटरवर करून घेतली. फाइल आली ३९ जीबीची! एकच फाइल.

ती तिघांना द्यायचीये. धाकटा भाऊ टेक्सासला, त्याला "जशी आहे तशी ओरिजिनल" हवीये. आतेभाऊ तासगावजवळ, द्राक्षबाग आहे, रेंज फक्त गच्चीवर टाकीपाशी येते. आणि बाबांचे मित्र मिरजेला, वय ८१, नाटकात बाबांसमोर उभे राहिलेले, त्यांच्याकडे कॉम्प्युटर नाही, फक्त टीव्ही.

मेलला जोडायला गेले, २५ एमबीच्या पुढे घेत नाही. व्हॉट्सॲपला टाकली, मोठी आहे म्हणाला. दहा मिनिटांचा तुकडा कापून टाकला तर तो गेला, पण बाबांचं तोंड आणि मागचा महाल एकाच रंगाचे दिसायला लागले. गूगल ड्राइव्हवर चढवायला घेतली तर जागा १५ जीबी. शेवटी ६४ जीबीचा नवा कोरा पेनड्राइव्ह आणला, त्यात एक फाइल नाही आणि तरी म्हणतो फाइल खूप मोठी आहे. ६४ मध्ये ३९ बसत नाही हे कुठलं गणित?

मिरज_जंक्शन (रात्री ९:५२)

रुमाल टाकून ठेवतो. बहिणीच्या लग्नाचा व्हिडिओ तीन वर्षं लॅपटॉपमध्ये पडलाय, तिला दोन पोरं झाली.

मार्केटयार्ड (रात्री १०:०५)

ताई, मी हळदीचा व्यापारी माणूस, कॉम्प्युटर पोरगा शिकवतो तेवढाच येतो. पण मेलचं एक कोडं मलापण पडलेलं, ते सांगतो. मागं एका पार्टीला माझी २२ एमबीची फाइल जाईना. लिमिट २५, फाइल २२, तरी मेल परत. पोराला विचारलं तर म्हणाला मेल मुळात साध्या अक्षरांसाठी केलेली, फोटो व्हिडिओ तिच्यातनं जाताना त्याची अक्षरं करावी लागतात, आणि त्यात ३ बाइटची ४ अक्षरं होतात. मी म्हटलं बास, कळलं. तीन किलो मालाला एक किलो बारदान. म्हणजे २५ च्या काट्यावर माल खरा १८-१९ चाच बसतो. वर समोरच्याचा काटा आणखी लहान असेल तर तिथनं परत. तेव्हापासून मी १५ च्या वरचं काय मेलनं पाठवतच नाही.

उगाच_अभियंता (रात्री १०:११)

@मार्केटयार्ड, काका, वालचंदला चार वर्षं काढली पण बेस-६४ (हेच ते ३ बाइटची ४ अक्षरं करणं) असं कुणी शिकवलं नाही. बारदान!! चोरणार आहे हे.

आयर्विन_पूल (रात्री १०:२०)

बारदानाला +१.

अवांतर: मेलला फाइल जोडायची आजची पद्धत १९९२ ची. नॅथॅनियल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड या दोघांनी मिळून ती पद्धत बसवली. त्या वर्षी ११ मार्चला बोरेनस्टाइननी जी पहिली जोडणी पाठवली त्यात त्यांच्याच चौघांच्या गाण्याच्या चमूचा फोटो होता आणि त्यांचं गाणं होतं. म्हणजे ताई, तुमच्या बाबांच्या प्रयोगाच्या पुढच्या वर्षी. या पद्धतीनं मेलमधनं पहिल्यांदा गेलं तेही हौशी गाणंच.

फोटोवाला_विश्रामबाग (रात्री १०:४८)

हा माझा रोजचा धंदा आहे त्यामुळे लांबड लावतो, चहा घेऊन बसा.

आधी पेनड्राइव्हचं. तुमच्या पेनड्राइव्हमध्ये जागा आहे पण तो आतून फॅट३२ पद्धतीने आखलेला आहे. जुनी पद्धत आहे, तिच्यात एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी राहूच शकत नाही. पेनड्राइव्ह ६४ चा असो नाहीतर २५६ चा, एका फाइलला ४ ची वेस. कॉम्प्युटरला लावून त्याच्यावर राइट क्लिक करा, फॉरमॅट म्हणा, तिथे एक्सफॅट निवडा. आतलं सगळं पुसलं जातं पण तुमचा कोराच आहे. मग ३९ आरामात बसेल.

आता दुसरं. आम्ही लग्नाचे तीनशे चारशे जीबी कधीही इंटरनेटवरून पाठवत नाही. पुण्याला एडिटिंगला द्यायचं असेल तर हार्डडिस्क बबलरॅपमध्ये गुंडाळायची, चपलेच्या खोक्यात घालायची आणि रात्रीच्या ट्रॅव्हल्सला पार्सल द्यायची. रात्री १० ला सुटते, सकाळी ६ ला पोरगा उचलतो. दोन टीबीची डिस्क ८ तासांत पोचली, हिशोब करा, साडेपाचशे एमबीपीएसचं कनेक्शन झालं. सांगलीत कोण देतं एवढा अपलोड? :)

उगाच_अभियंता (रात्री ११:०२)

दादा, डिस्क भरायला लागणारा वेळ सोयीस्कर विसरलात. साध्या यूएसबी हार्डडिस्कवर दोन टीबी भरायला पाच तास, तिकडे उतरवायला पाच. अधिक आठ, म्हणजे १८ तास. अडीचशे एमबीपीएससुद्धा होत नाहीत, थोडे कमीच.

फोटोवाला_विश्रामबाग (रात्री ११:०५)

अडीचशे तर अडीचशे. तुझ्याकडे किती येतो अपलोड?

उगाच_अभियंता (रात्री ११:०६)

बारा. :(

आयर्विन_पूल (रात्री ११:१५)

हसू नका, ट्रॅव्हल्सचा मार्ग मोठमोठे लोकपण वापरतात. २०१९ साली कृष्णविवराचा पहिला फोटो आला होता आठवतंय का, नारिंगी जिलबीसारखा? त्यासाठी एप्रिल २०१७ मध्ये जगभरच्या दुर्बिणींनी मिळून जो डेटा गोळा केला तो पाचेक हजार टीबीच्या आसपास होता, आणि तो इंटरनेटवरून पाठवणं शक्यच नव्हतं. अर्धा टन हार्डडिस्क विमानानं अमेरिकेत आणि जर्मनीत नेल्या. त्यातही दक्षिण ध्रुवावरची खोकी अडकली, कारण तिथे हिवाळाभर विमान उतरत नाही. शास्त्रज्ञ ते खोकं यायची वाट बघत वर्षअखेरपर्यंत थांबले.

मिरज_जंक्शन (रात्री ११:१९)

पावसाळ्यात शिरोळकडची एसटी बंद होते तसंच की.

बे_एरियातला_भडंग (बुधवार, पहाटे ५:३०)

इतकी चर्चा कशाला? एक महिन्यापुरती क्लाउडवर १०० जीबी जागा विकत घ्या, फाइल चढवा, लिंक भावाला द्या, त्यानं उतरवली की पुढच्या महिन्यापासून बंद करा. जेवढ्या पैशात दोघांची मिसळ येते तेवढ्यात काम होतं. आजच्या जमान्यात कोण पेनड्राइव्ह वापरतं राव.

तासगावी_गडी (सकाळी ६:४५)

आमी वापरतो. आवं तुमी तिकडं बसून लिंक पाठवताय, हितं लिंक उघडायला गच्चीवर जावं लागतंय, आन वर ऊन हाय. ३९ जीबी उतरवायला मी टाकीपाशी बिऱ्हाड करू का काय? ताई, तुमच्या आतेभावाला पेनड्राइव्हच द्या, तोबी सांगलीच्या बाजारला येतच आसंल की. माणूस पायानं येतोय तर डेटा कशाला वाऱ्यानं पाठवायचा.

बे_एरियातला_भडंग (सकाळी ७:१०)

दिवे घ्या दादा, हलकेच घ्या. मी भावासाठी म्हणत होतो.

अक्का_हरिपूर (सकाळी ८:३०)

क्लाउडवाल्यांना एक सांगते, ही चूक माझी स्वतःची. मी मुलाच्या मुंजीचे सगळे व्हिडिओ फुकटच्या जागेत कोंबले. १५ जीबी भरले. मला वाटलं काय होतंय, नवीन चढणार नाही एवढंच. पण ती जागा मेल, फोटो आणि ड्राइव्ह या सगळ्यांना मिळून असते. माझी मेलच यायची बंद झाली आणि मला आठ दिवस पत्ता नाही. शाळेच्या परिपत्रकासकट सगळं परत गेलं. तेव्हा मोठी फाइल चढवायची असेल तर त्यासाठी वेगळं खातं काढा, रोजच्या मेलच्या खात्यात हा उद्योग करू नका.

गावभागची_लेक (सकाळी ९:१५)

बापरे, एवढे प्रतिसाद! पेनड्राइव्ह एक्सफॅट केला, फाइल बसली!! @फोटोवाला, धन्यवाद. पण तो टीव्हीला लावला तर टीव्ही म्हणतो फाइल चालत नाही. भावाशी बोलले, तो ट्रॅव्हल्सच्या मार्गाला तयार नाही (:)), कुरिअरनं अमेरिकेत डिस्क पाठवायची तर नाटकाच्या बजेटपेक्षा जास्त खर्च येईल. स्पीड तपासला, डाउनलोड ४०, अपलोड फक्त १०.

उगाच_अभियंता (सकाळी ९:४०)

१० एमबीपीएस म्हणजे १० मेगाबिट, बाइट नाही. आठानं भागा, सेकंदाला सव्वा एमबी. ३९ जीबीला आठ तास चाळीस मिनिटं, तेही वीज न जाता. ब्राउझरमधून चढवत असाल आणि मध्येच टॅब बंद पडला की शून्यापासून सुरू. ड्राइव्हचं जे कॉम्प्युटरवर टाकायचं ॲप असतं त्यातून चढवा, ते तुटलेल्या जागेपासून पुढे धरतं. राउटर इन्व्हर्टरवर घ्या.

किंवा सिंकथिंग वापरा. फुकट आहे, मध्ये कुणाचं गोदाम नाही, तुमच्या कॉम्प्युटरवरून थेट भावाच्या कॉम्प्युटरवर. आकाराला मर्यादा नाही. तुटलं तर परत जोडून घेतं. फक्त दोघांचे कॉम्प्युटर एकाच वेळी चालू पाहिजेत.

टेप_आणि_रीळ (सकाळी १०:३०)

इतक्या प्रतिसादांत कुणीच विचारलं नाही की फाइल ३९ जीबीची का आहे. मी जुन्या कॅसेट डिजिटल करण्याचं काम करतो (दुसऱ्या जिल्ह्यात, ही जाहिरात नाही).

तासाला १३ जीबी म्हणजे स्टुडिओनं डीव्ही पद्धतीत फाइल केलीय. ३ तास, ३९ जीबी, हिशोब चोख जुळतो. त्यांनी चांगलं काम केलंय, त्यांना नावं ठेवू नका. डीव्हीमध्ये प्रत्येक चित्र सुटं साठवलेलं असतं, पुढच्या मागच्या चित्रावर अवलंबून नसतं, म्हणून जागा जास्त खातं. आणि टीव्हीला ती पद्धत कळत नाही म्हणून तो नाही म्हणतो.

आता खरी गोष्ट. व्हीएचएस कॅसेटमध्ये मुळात तपशील फार कमी असतो, आडव्या ओळीत २४० रेषांच्या आसपास. त्यामुळे हँडब्रेक नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमधून ती एमपी४ केली तर ३ ते साडेतीन जीबी होईल आणि टीव्हीवर बघणाऱ्या माणसाला फरक कळणार नाही. त्यात डीइंटरलेस नावाची खूण करायला विसरू नका, नाहीतर कुणी हात हलवला की कडांना फणीच्या दातांसारख्या रेघा येतात. ही साडेतीनची फाइल ४ च्या आत आहे, म्हणजे फॅट३२ पेनड्राइव्हवरसुद्धा बसते. मिरजेच्या काकांचा आणि तासगावच्या आतेभावाचा प्रश्न इथेच मिटला.

पण मूळ ३९ ची फाइल पुसू नका. ती आता तुमची कॅसेट आहे. खरी कॅसेट पस्तीस वर्षांची झाली, ती पुन्हा इतकी चांगली चालेल याची खात्री नाही.

मार्केटयार्ड (सकाळी १०:४१)

झिप करून लहान होत नाही का ओ? आमच्या पोरानं बिलांच्या फाइली झिप केल्या तर दहाव्या हिश्श्यावर आल्या.

टेप_आणि_रीळ (सकाळी १०:५५)

बिलं होतात, कारण त्यात तेच तेच शब्द परत परत येतात. फोटो आणि व्हिडिओ आधीच दाबून बसवलेले असतात. पिळून झालेला ऊस परत चरकात घातल्यासारखं आहे ते.

मिरज_जंक्शन (सकाळी ११:००)

झिपचे तुकडे करून पाठवता येतात पण. ७-झिपमध्ये भाग पाडायची सोय आहे. मी एकदा मित्राला १२ भाग पाठवले होते.

अक्का_हरिपूर (सकाळी ११:०४)

मग? मिळाले?

मिरज_जंक्शन (सकाळी ११:०६)

सातवा राहिला माझ्याकडून. अकरा असून उपयोग नाही, एक नसला तरी उघडत नाही. तोपर्यंत मी माझ्याकडचे पुसलेले. मित्र अजून बोलतो माझ्याशी, पण कमी.

कबुतरखाना (दुपारी १२:२०)

धागा वाचून आठवलं. २००९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत इंटरनेट फार हळू चालतं म्हणून एका कंपनीतल्यांनी शर्यतच लावली होती. कबुतराच्या पायाला ४ जीबीचं कार्ड बांधून ऐंशी किलोमीटरवर सोडलं. कबुतर तासाभरात पोचलं, कार्ड उतरवून घेण्यासकट दोन तास लागले. तेवढ्या वेळात इंटरनेटवरून ४ टक्के गेलं होतं.

तासगावी_गडी (दुपारी १२:३१)

आमच्यात कबुतर सोडलं तर बागंवरच उतरंल. बेदाणा शेडवर बसून खाईल आन मगच पुढं जाईल.

रिपोर्ट_बघून_सांगतो (दुपारी १:१५)

मिरजेत एका ठिकाणी स्कॅनचं काम बघतो त्यामुळे दोन पैसे माझेपण. आमच्याकडे एका पेशंटचा सीटी म्हणजे शेकड्यांनी चित्रं. लोक काय करतात, फिल्म खिडकीला धरून मोबाइलनं फोटो काढतात आणि पुण्या-मुंबईच्या डॉक्टरांना व्हॉट्सॲप करतात. त्यात खिडकीबाहेरचं नारळाचं झाडपण दिसतं. सीडी देतो तर आता कुणाच्या लॅपटॉपला सीडीचं तोंडच नाही.

योग्य मार्ग असा, सगळा फोल्डर एका झिपमध्ये घ्या आणि व्हॉट्सॲपवर "डॉक्युमेंट" म्हणून टाका, गॅलरीतून नाही. गॅलरीतून टाकलं की तो स्वतःच्या मनानं दाबतो, डॉक्युमेंट म्हणून टाकलं की जसंच्या तसं जातं. २०२२ पासून २ जीबीपर्यंतची फाइल जाते. @गावभागची_लेक, तुमचा दहा मिनिटांचा तुकडा पुसट झाला तो याच्यामुळेच.

आणि एक, लिंक देताना जरा भान ठेवा. "ज्याच्याकडे लिंक आहे त्या कुणालाही दिसेल" असं केलं की ती लिंक फिरत फिरत कुठेही जाते. स्कॅनच्या फाइलीत पेशंटचं नाव आतच लिहिलेलं असतं. नाटकाचं एक ठीक आहे.

बे_एरियातला_भडंग (दुपारी १:४०)

उलटंपण होतं. लोक लिंक पाठवतात आणि परवानगी द्यायला विसरतात. मग इकडून आम्ही "ॲक्सेस मागा" दाबायचं आणि तिकडे ते झोपलेले. आईनं पाठवलेला गणपतीचा व्हिडिओ मला विसर्जनानंतर दिसला.

सहज_सुचलं (दुपारी २:०५)

वीट्रान्सफर कुणी म्हटलं नाही अजून? जागा नको, फाइल टाका, लिंक पाठवा.

फोटोवाला_विश्रामबाग (दुपारी २:२२)

आम्ही अल्बमच्या डिझाइनसाठी वापरायचो. मे २०२० मध्ये दूरसंचार खात्याच्या आदेशावरून आपल्याकडे बंद झालं होतं, नेमकं लॉकडाउनमध्ये. जूनमध्ये फाइल पाठवायची शेअरइट आणि झेंडर ही ॲपंही गेली, सरकारनं बंदी घातलेल्या त्या ५९ ॲपांबरोबर. तेव्हापासून मी एका गाडीवर भरवसा ठेवत नाही. आणि फुकटात ३ जीबीच्या वर नाही, लिंक ३ दिवसांत मरते. ताईंचा भाऊ तीन दिवस सुट्टीवर गेला तर संपलं.

एकाच घरात असाल तर अँड्रॉइडचं क्विक शेअर किंवा लोकलसेंड वापरा. इंटरनेट लागतच नाही, घरच्या वायफायवरून फोन टू लॅपटॉप जातं.

सांगलीवाडीकर (दुपारी ३:००)

जरा कडू बोलतो. सगळे पाठवायच्या मागे लागलेत. ज्या घरात पुरानं सहा कॅसेट नेल्या त्या घरात आता ३९ जीबीची एकच फाइल एकाच कॉम्प्युटरवर आहे, आणि तो कॉम्प्युटर परत गावभागातच. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलेलं त्या वर्षी, माझं दुकान छतापर्यंत. हार्डडिस्कला पाणी आणि कॅसेटला पाणी यात फरक नाही. आधी दुसरी प्रत काढा आणि ती नदीपासून लांब ठेवा.

टेप_आणि_रीळ (दुपारी ३:०८)

शंभर टक्के अनुमोदन. आणि भावाकडे मूळ फाइल जाणं हीच तुमची दुसरी प्रत. तो "ओरिजिनलच हवी" म्हणतोय ते हट्टानं म्हणत असेल, पण हट्ट बरोबर आहे.

अक्का_हरिपूर (दुपारी ३:३०)

मला एक सुचलंय, वेडेपणा वाटला तर सोडून द्या. नाटकाचे अंक तीन आहेत ना? मग फाइलचेपण तीनच तुकडे करा, पडदा पडतो तिथे कापून. १३-१३ चे होतील. १५ च्या फुकट जागेत एक अंक बसतो. नवं खातं काढा, पहिला अंक चढवा, भावानं उतरवला की पुसा, मग दुसरा. दाबादाबी नको की पैसे नकोत. मध्यंतरही आपोआप.

उगाच_अभियंता (दुपारी ३:३४)

अक्का!!! _/\_

आम्ही सकाळपासून बिट आणि बाइट मोजतोय.

टेप_आणि_रीळ (दुपारी ३:४६)

छान आहे हे. डीव्हीत प्रत्येक चित्र सुटं असल्यामुळे कुठेही कापलं तरी दर्जा जात नाही. लॉसलेसकट नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, नव्यानं काही बनवत बसत नाही, नुसतं कापतं. पुसताना ड्राइव्हची कचरापेटीपण रिकामी करा, नाहीतर जागा अडलेलीच राहते. आणि भावानं उतरवल्यावर दोन्हीकडे ७-झिपच्या राइट क्लिकमधलं एसएचए-२५६ (फाइलचा जणू अंगठ्याचा ठसा) काढून आकडा जुळवा. एक अक्षर जरी वेगळं आलं तर फाइल वाटेत बिघडलीय असं समजा. आकडा जुळल्याशिवाय काही पुसायचं नाही.

बे_एरियातला_भडंग (दुपारी ३:५५)

फुकटात करायची एवढी हौस... मी अजूनही म्हणतो १०० जीबी घ्या आणि झोपा.

अक्का_हरिपूर (दुपारी ३:५८)

भडंग, तू झोप, तुझ्याकडे रात्र आहे.

गावभागची_लेक (पुढचा मंगळवार, रात्री ८:५०)

सांगायला उशीर झाला, सगळं मार्गी लागेपर्यंत थांबले होते.

अक्कांचा मार्ग धरला. पहिला अंक १४ जीबीचा निघाला, दुसरा १३, तिसरा १२. रात्री जेवणं झाली की चढवायला लावायचं, तीन तासांत चढायचं. दुसऱ्या अंकाला ७१ टक्क्यांवर वीज गेली, पण ॲपनं तिथूनच धरलं. भाऊ तिकडे ऑफिसातून आला की उतरवायचा, आकडा पाठवायचा, जुळला की मी पुसायचे. तीन दिवस तीन अंक. हँडब्रेकमधून केलेली एमपी४ झाली ३.४ जीबी, ती दोन पेनड्राइव्हवर घातली, एक मिरजेला, एक तासगावला.

मिरजेच्या काकांनी तीन दिवसांत पाच वेळा बघितलं. फोन करून म्हणाले माझी मिशी डावीकडून सुटलेली होती हे तेव्हा कुणी सांगितलं नाही मला.

आणि एक. भावाचा दुसऱ्या अंकानंतर इथल्या पहाटे फोन आला. बाबा एका जागी वाक्य विसरतात, मला आठवत होतं, प्रेक्षकही हसले होते. पण त्यानं हेडफोन लावून मूळ फाइल ऐकली, तर तिथे विंगेतून कुणीतरी हळूच ते वाक्य सांगतं. बाईचा आवाज. आई प्रॉम्प्टिंगला बसायची हे आम्हाला ऐकून माहीत होतं. आई जाऊन चौदा वर्षं झाली, तिचा आवाज असलेलं घरात काही नाही. मी परत व्हॉट्सॲपवरचा तुकडा काढून बघितला, त्यात नेमकं तेच वाक्य आहे, पण आवाज नाहीये, नुसती खरखर. मग मूळ फाइल लावली. चार शब्द आहेत.

टेप_आणि_रीळ (रात्री ९:०२)

ताई, मूळ फाइलची आणखी एक प्रत काढा. आजच.

सांगलीवाडीकर (रात्री ९:०५)

आणि ती माझ्याकडे ठेवायची असेल तर ठेवतो. आता दुसऱ्या मजल्यावर राहतो.

अक्का_हरिपूर (रात्री ९:१०)

डोळ्यांत पाणी आलं गं.

मिरज_जंक्शन (रात्री ९:३०)

बहिणीला लग्नाचा व्हिडिओ आज पाठवतोय. आधी हेडफोन लावून ऐकतो.

तासगावी_गडी (रात्री ९:४४)

ताई, एक इचारू का. तासगावला जो पेनड्राइव्ह दिलाय तो परत आला का? आमच्यात कुणाचा डबा रिकामा परत देत न्हाईत, काहीतरी घालूनच देत्यात. पेनड्राइव्हचं काय आसतंय?

गावभागची_लेक (रात्री ९:५८)

आला ना, कालच आला. सोबत दोन किलो बेदाणा, आणि पेनड्राइव्हमध्ये बागेचे चारशे फोटो. सगळे फोल्डर शॉर्टकट झालेत, एकही उघडत नाहीये. @उगाच_अभियंता, हा व्हायरस आहे का हो?

उगाच_अभियंता (रात्री १०:०१)

आहे. कॉम्प्युटरला लावला नाहीत ना??

गावभागची_लेक (रात्री १०:०३)

टीव्हीला लावला.

उगाच_अभियंता (रात्री १०:०४)

मग वाचलात. बेदाणा खा, पेनड्राइव्हचं उद्या सांगतो, वेगळा धागा काढा.